शनीला चंद्र किती

"शनीला चंद्र किती, सांग," दिव्याने पोळी चावत विचारलं.

"बासष्ट," वर्षाली म्हणाली. शनीबद्दल तिला तेवढंच ठाऊक होतं.

"चूक! दोनशे चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षी एकदम शंभरावर सापडले. सर म्हणाले."

"तुझ्या पप्पांच्या पुस्तकात बासष्ट होते."

"ते पुस्तक मला हवंय. उद्या वर्गात दाखवणार."

गुरुवार होता, कंपनीला सुट्टी. वर्षालीने पर्स उचलली. सासूबाई, सावित्रीबाई, दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

"कशाला जायलीस तिकडं, वाचनालयात?" त्या म्हणाल्या. "वाळवी लागली असंल त्या पुस्तकाला. लेकराला नवं घे की."

"येते तासाभरात, आई."

प्रज्वल गेला तेव्हा दिव्या दीड वर्षाची होती. केजहून मोशीत राहायला आलेला माणूस, चाकणला प्रेस मशिनवर उभा राहायचा आणि घरी आला की ग्रहताऱ्यांच्या पुस्तकात डोकं घालायचा. यानातून पृथ्वी कशी दिसते, हे तो वर्षालीला असं सांगायचा की जणू कालच बघून आलाय. वाचताना हातात पेन्सिल. नवा शोध लागला की छापलेला आकडा खोडून शेजारी खरा लिहायचा. चुकीचं पुस्तक कपाटात ठेववत नाही, म्हणायचा.

२०१८च्या ऑगस्टमध्ये तो पहिल्या शिफ्टला म्हणून निघाला आणि परतला नाही. इंद्रायणीला पूर होता. पुलाच्या कडेला त्याची गाडी सापडली. नवव्या दिवशी, बरंच खाली, एक प्रेत लागलं.

ओळख पटवायला सावित्रीबाई शवागारात गेल्या. वर्षालीला त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं. "बघू नको, बाई. बघण्यासारखं काई राहिलं न्हाई. शर्ट त्याचाच हाय," म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या.

तेराव्यानंतर त्यांनीच सगळी पुस्तकं चिंचवडच्या एका वाचनालयाला देऊन टाकली. घरात दिसली की जीव तुटतो, म्हणाल्या. पुढची सात वर्षं दोघींनी एकमेकींना धरून काढली. कंपनीतल्या ओंकारने दोनदा लग्नाचं विचारलं. वर्षालीला तो आवडत होता. पण म्हातारीचा एकुलता एक गेलेला, तिला कुणाच्या भरवशावर टाकायचं? दोन्ही वेळा ती नाही म्हणाली.

वाचनालयात ग्रंथपाल विमलबाईंनी तिला मागच्या कपाटाकडे धाडलं. प्रज्वलची पुस्तकं एका ओळीत उभी होती. ग्रहांचं पुस्तक तिने काढलं. पहिल्या पानावर त्याची सही. ती खिडकीशी बसली आणि शनीचं पान उघडलं.

छापील ४७ खोडून त्याने ६२ केले होते. हे तिला आठवत होतं. डावखुऱ्या प्रज्वलचे आकडे नेहमी मागे रेललेले असत.

पण आता ६२ सुद्धा खोडलेले होते. त्याखाली ८२. तेही खोडून १४६. आणि सगळ्यात खाली, ठळक, मागे रेललेले २७४.

वर्षालीने पान जवळ नेलं, लांब नेलं. कुणीतरी दुसऱ्याने लिहिलं असेल. लोक लिहितात पुस्तकांत. शेजारचं चंद्रमोहिमांचं पुस्तक तिने ओढून काढलं. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशांची यादी होती. यादीच्या शेवटी, त्याच पेन्सिलीने, त्याच वळणात एक ओळ वाढवलेली होती.

'भारत. २३ ऑगस्ट २०२३. उतरलो!'

तो 'लो' तिने हजारदा पाहिला होता. लग्नाआधीच्या चिठ्ठ्यांत. वाण्याच्या यादीतल्या 'किलो'त. मग तिने नऊ दिवस रडून जाळलं ते कोण होतं?

दोन्ही पुस्तकं उघडीच घेऊन ती विमलबाईंच्या टेबलापाशी आली.

"ही पुस्तकं... कोण नेतं?"

विमलबाईंनी उघडी पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "पेन्सिलीनं लिहिलंय, होय ना? मी बोलले हो त्यांना एकदा. 'मला काय कळतंय, बाई,' म्हणाल्या."

"कुणाला बोललात?"

"मोशीहून एक आजी येतात. कितीतरी वर्षं झाली. ह्या कपाटातलं एक परत करतात, दुसरं नेतात." विमलबाई रजिस्टर बंद करत म्हणाल्या, "सावित्रीबाई नाव. त्यांना स्वतःला वाचता येत नाही. मुलासाठी नेतात."