शेवटचा उपप्रश्न

"मारून टाकलंय तुम्ही तिला. कबूल करा आणि खाली बसा."

एवढं बोलून आमदारांनी डावा हात बाकावर आपटला. सभागृहात त्यांना सगळे 'तोफ' म्हणत, आणि आज तोफ सकाळपासून धडाडत होती. उजवा हात तेवढा कोटाच्या खिशात. "आज डावीकडे झुकलात वाटतं," समोरून कुणीतरी टोमणा मारला. तोफेनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गृहमंत्री कागद चाळत उठले. "अध्यक्ष महोदय, मुलगी सुखरूप आहे. ठिकाण मात्र सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाही."

"म्हणजे मुलगीच नाही."

वर प्रेक्षकांच्या सज्जात एक बाई कठडा धरून बसली होती. तीन दिवसांपूर्वी दगडखाणीत तिच्या मुलाला ठार मारलं होतं. तो खाणीतलाच कामगार. वस्तीला लागून सुरुंग लावू देणार नाही म्हणून आडवा उभा राहिला, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला डबा द्यायला गेलेली धाकटी बहीण कशीबशी निसटली. पोलिसांनी तिला कुठे नेऊन ठेवलं, ते आईलाही सांगितलं नव्हतं.

सगळीकडे उंबरठे झिजवून बाई शेवटी तोफेकडे आली होती. "काळजी करू नका, मावशी. मंत्र्याच्या तोंडून वदवून घेतो," ते म्हणाले होते. सज्जाचा पासही त्यांनीच काढून दिला. असा माणूस हल्ली मिळतो कुठे?

आता तोफेनं आवाज खाली आणला. सभागृह आपोआप गप्प झालं.

"चौघे होते. तोंडाला फडकी बांधलेली. आधी पहारीनं गुडघे फोडले, पळू नये म्हणून. मग दोन्ही हात. पोरगा पाणी मागत होता, तर तोंडात खडी कोंबली. शेवटचा घाव डोक्यात. बहीण दहा पावलांवर होती, एकानं तिचं तोंड दाबून धरलेलं. त्याला कडकडून चावली, म्हणून वाचली ती पोर. आणि हे मंत्री म्हणतात, तपास चालू आहे."

आईनं तोंडावर हात घट्ट दाबला. चावल्याचं तर तिलाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी किती खोलात जाऊन माहिती काढलीय, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

"खाणीचा मालक कोण, ते आधी सांगा," मागच्या बाकावरून एक सदस्य म्हणाले.

"कागदोपत्री जो मालक आहे, तो आठ वर्षांपूर्वीच वारलाय," मंत्री म्हणाले. हशा पिकला.

"मालक राहू द्या हो," तोफ कडाडली. "मुलीचं बोला. माझा शेवटचा उपप्रश्न. ती जिवंत असेल तर कुठे आहे?"

"उद्या सकाळी न्यायाधीशांपुढे तिचा जबाब आहे. फडकं सरकलं तेव्हा तिनं एकाचा चेहरा पाहिलाय. तोपर्यंत धीर धरा."

"खोटारडे आहात तुम्ही. वर बघा. तिची आई बसलीय. तिच्या डोळ्यांत बघून सांगा."

मग जे व्हायचं तेच झालं. दोन्हीकडचे सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत धावले. कुणी कुणाची कॉलर धरली, कुणी माईक उपटला. काचेचा पेला भिरभिरत आला आणि एका म्हाताऱ्या सदस्याची भुवई फुटली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताची धार लागली. सुरक्षारक्षक मध्ये पडले, तर त्यांनाही लाथा बसल्या. लोकप्रतिनिधी ते, हात राखून कशाला मारतील!

गृहमंत्री तसे शांत. पण खोटारडा म्हटलं की त्यांचा तोल जातो, हे अख्ख्या सभागृहाला माहीत. ते ओरडले, "मोठ्या रुग्णालयामागे नर्सांचं जुनं वसतिगृह आहे. तिसरा मजला. पुढच्या दारावर दोन बंदूकवाले. सकाळी मी स्वतः तिला बघून आलोय. झालं समाधान?"

अध्यक्षांनी ते वाक्य तत्काळ कामकाजातून काढून टाकलं. कानांतून कसं काढणार?

तोफ शांतपणे खाली बसली.

बाहेरच्या मोकळ्या व्हरांड्यात आई त्यांच्या पायाशी वाकली. त्यांनी डाव्या हातानं तिला उठवलं.

"मी जाऊ का तिच्याकडे?"

"तुम्हाला नाही सोडायचे, मावशी. मी जातो. काही निरोप?"

तिनं पिशवीतून लोकरीचा स्वेटर काढला. "एवढा द्या. थंडी सोसत नाही तिला. पण साहेब, ती आता कुणालाच दार उघडणार नाही हो. बाहेरून 'खारूताई' म्हणा. लहानपणी पेन्सिली कुरतडायची, म्हणून घरात म्हणतो. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही ते नाव."

"खारूताई," तोफेनं एकदा म्हणून पाहिलं. "बरं. तुम्ही घरी जाऊन दोन घास खा."

आई फाटकापर्यंत मागे वळून वळून हात जोडत गेली. किती दिवसांनी तिला भूक लागली होती.

तोफ गाडीत बसली. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

"कळलं का, साहेब?"

"नर्सांचं जुनं वसतिगृह. तिसरा मजला."

"पोलीस असतील."

"पुढं आहेत. मागं जिना आहे. त्या इमारतीचं उद्घाटन मीच केलंय."

ड्रायव्हरनं पायात येणारी पहार सीटखाली सरकवली. "पण दार उघडेल का ती?"

तोफेनं उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि रुमाल सोडला. अंगठ्याच्या बुडाशी दातांचे व्रण सुजून काळेनिळे पडले होते.

"उघडेल," ते म्हणाले, आणि स्वेटरची नीट घडी घातली.