वाजणारं कापड

"यात झोप छान लागेल." शिंपीणबाईंनी सुती तागा टेबलावर उलगडला. "घाम टिपतं, हवा खेळती राहते, धुवाल तितकं मऊ होतं."

आजींनी कापड कानाजवळ नेऊन चुरगाळलं आणि मान हलवली. "हे नको. दुसरं दाखव."

गिऱ्हाइकांचे नखरे शिंपीणबाईंना नवे नव्हते, पण कापड कानाने पारखणारं गिऱ्हाईक त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी लिनन काढलं. थंड, पण लगेच चुरगळणारं. मग गुळगुळीत पॉलिस्टर काढलं. चटकन वाळतं, इस्त्रीची कटकट नाही.

आजींनी तेही कानाला लावून बाजूला ठेवलं. हातातली चिठ्ठी बघून म्हणाल्या, "रात्री घालायला झगा शिवायचाय. अंगावर वाजला पाहिजे. दुकान नवीन घातलंस का गं?"

"अकरा वर्षं झाली, आजी. वाजला पाहिजे म्हणजे?"

आजींनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे आजोबा गप्प बसले होते. नजर भिंतीवर होती, पण भिंत बघत नसावेत. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते.

"घरातलं माणूस रात्री उठून चालायला लागतं," आजी हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात पुलावर सापडलं. अनवाणी, कठड्याला टेकलेलं. दूधवाल्याने पाहिलं म्हणून निभावलं. शेजारी झोपलेल्याला पत्ताच नाही."

शिंपीणबाई टेबलावरून पुढे झुकल्या. "दाराला कुलूप लावा ना."

"कुलूप लावलं की जीव घाबराघुबरा होतो."

शिंपीणबाई स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरून कडक नायलॉन खाली घेतलं, छत्रीला लावतात तसलं. "झोपायला याच्याइतकं वाईट कापड नाही बघा. उकडतं, अंगाला चिकटतं, घामाचा थेंब टिपत नाही."

त्यांनी ते नुसतं झटकलं आणि दुकानभर सळसळ झाली. आजोबांनी एकदम मान वळवली.

"हेच," आजी म्हणाल्या.

"आतून सुती अस्तर लावते, म्हणजे अंगाला टोचणार नाही. बाकीची कामं राहू देत, संध्याकाळच्या आत शिवून देते."

"गुणाची आहेस. दुकान नवीन घातलंस का?"

शिंपीणबाईंनी पुन्हा अकरा वर्षं सांगितली. काळजीने बिचारीचं चित्त थाऱ्यावर नसेल, असं त्यांना वाटलं. जन्माच्या जोडीदाराला या वयात डोळ्यात तेल घालून जपायचं म्हणजे काही थट्टा नव्हे. त्यांना फार वाईट वाटलं. टेप गळ्यातून काढून त्या आजोबांसमोर गेल्या.

"आजोबा, उभे राहता का जरा? खांद्याचं माप घेते."

आजोबा जागचे हलले नाहीत. आजींनी त्यांच्या हातातून आपला हात अलगद सोडवला. मग त्याच उठल्या आणि टेपसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"माझं घे," त्या म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही गं, पण ऐकू सगळं येतं."