समोरची रांग

शिट्टी वाजली आणि माणसं पळाली. शाळेच्या मैदानात गावच्या चेअरमनपदाचे दोन्ही उमेदवार पाठमोरे उभे होते. ज्याला जो हवा, त्याने त्याच्या मागे रांगेत उभं राहायचं. चिठ्ठी नाही, पेटी नाही. कोण कुणाच्या मागे गेलं ते अख्ख्या गावाला दिसणार.

मुदोंदो सगळ्यांत आधी उभी राहिली. इसाबिर्येच्या अगदी मागे. चेअरमनच्या बायकोची जागा तीच, दर निवडणुकीत. तिचा ठेवणीतला झगा आज सकाळी नवऱ्यानेच पेटीतून काढून दिला होता. "लोक आधी तुझ्याकडे बघतात," तो म्हणाला होता.

पलीकडे नायगागा उभी होती. गावात तापाच्या गोळ्या वाटणारी, अडलेल्या बाईला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेणारी विधवा. तिच्यामागे तिची म्हातारी सासू, आणि नुकताच मताचा हक्क मिळालेल्या दोन-तीन मुली. बस्स.

"चेअरमन व्हायला निघाली! आधी दाढी तर फुटू दे!" कुणीतरी ओरडलं. पुरुष खदखदा हसले. बायकाही हसल्या, तोंडावर हात ठेवून. याच बायकांनी हापशावर नायगागाला शब्द दिला होता. पण हापशावर नवरे नसतात. आज एकेक जण खाली मान घालून आपापल्या धन्यामागे इसाबिर्येच्या रांगेत येऊन उभी राहत होती.

मुदोंदोच्या खांद्यावर हात पडला.

"सरका जरा पुढे, वहिनी."

तो आवाज तिने ओळखला. बालिकोवा. मक्याचा व्यापारी. इसाबिर्येच्या प्रचाराला याचाच ट्रक फिरत होता.

गेल्या वर्षी सुगीत याच माणसाने तिच्या क्वागालाला गोदामात ओढलं होतं. पोर चौदा वर्षांची. फाटका गणवेश छातीशी धरून मुदोंदो पोलिसांकडे निघाली, तेव्हा इसाबिर्ये दारात आडवा झाला. "घराची अब्रू वेशीवर टांगतेस? मी मिटवतो." त्याने मिटवलं. दुसऱ्या दिवशी अंगणात एक गाय येऊन उभी राहिली. क्वागाला जिंजा शहरात मावशीकडे गेली. शिकायला गेली, असं गावाला सांगितलं. मुदोंदोने कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. त्या गाईचं दूध मात्र तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

उमेदवाराने मागे बघायचं नाही, असा नियम होता. पण आवाज ऐकून इसाबिर्ये वळलाच. "आलास का रे? तुझीच वाट बघत होतो." त्याने बायकोच्या खांद्यावरून हात पुढे केला. बालिकोवाने तो धरला. दोघांचे हात तिच्या गालाजवळ गच्च मिळाले. दोघं हसले. तिला बाजूला व्हायलाही कुणी सांगितलं नाही.

मुदोंदो रांगेतून बाहेर पडली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ती मैदानाच्या मध्यावर पोचली आणि हसू थांबलं.

"ए! कुठे निघालीस?" इसाबिर्ये ओरडला. "ऊन लागलं की काय तुला? रांग इकडे आहे."

ती थांबली. मागे वळली. आवाज फुटेल असं तिला वाटलं नव्हतं, पण फुटला.

"अहो, आपल्या पोरीची ज्याने दशा केली, तो उभा आहे त्या रांगेत मी उभी राहायची नाही."

तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्याची शिट्टी तोंडातच राहिली. बालिकोवा आपल्या बुटांकडे बघायला लागला.

मुदोंदो जाऊन नायगागाच्या सासूमागे उभी राहिली. हे काय करून बसलो आपण? आज घराचं दार उघडणार नाही. आणि पोरीचं नाव? वर्षभर जिवापाड झाकलेलं तिने चारचौघांत उघडं केलं होतं. आता गाव क्वागालाकडे बोट दाखवणार. तिने डोळे मिटून घेतले.

मागे पावलं वाजली. कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिलं. धापा टाकत होतं. मुदोंदोने डोळे उघडून मागे पाहिलं. चर्चमध्ये पहिला सूर धरणारी कागोया होती ती, खाटकाची बायको. इतकी वर्षं शेजारी, पण आज तिचा आवाज ओळखू येईना.

"क्वागालाची आई," ती कुजबुजली, "आमच्या धाकटीच्या वेळी दोन शेळ्या दिल्या होत्या."

मुदोंदोला आधी कळलंच नाही. "कुणी?"

"त्यानेच. मिटवलं तुमच्या चेअरमननी. म्हणाले, बोललीस तर पोरीला कोण करून घेईल?"

इतके दिवस तिला वाटत होतं, हे जगात फक्त आपल्याच घरात घडलंय.

तिने पलीकडे पाहिलं. इसाबिर्येच्या रांगेला भगदाडं पडत होती. नवरे दंडाला धरत होते, बायका हात सोडवून घेत होत्या. नायगागाच्या मागची रांग शाळेच्या कुंपणापर्यंत गेली आणि तिथून वळली. नायगागा नियम पाळून अजून समोरच बघत होती.

तेवढ्यात कागोयाच्याही मागून कुणीतरी हलकेच म्हणालं,

"आमच्याकडे सायकल आली होती."