कोड दादाच्या फोनवर

"आधी काचेपाशी येऊन उभा राहा," थोरला फोनवर म्हणाला. "तोंड दिसू दे तुझं."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तो आपल्या दुकानाच्या दर्शनी काचेपाशी गेला. अरुंद रस्त्याच्या पलीकडे, आपल्या दुकानात, थोरलाही कानाला फोन लावून उभा होता. दोघांचाही धंदा काचा-आरशांचाच. थोरल्याच्या बाजूला वहिनी एक आरसा कागदात गुंडाळत होती.

सकाळपासून धाकट्याचं ईमेल खातं कुणीतरी बळकावलं होतं. त्याच्या नावाने गिऱ्हाइकांना वाट्टेल ते लिहिलं जात होतं. हॉटेलाचं मोठं काम, ज्यावर त्याचं अख्खं वर्ष निघणार होतं, हातचं जायच्या बेतात होतं. खातं परत मिळवायला कोड लागत होता आणि तो येणार होता थोरल्याच्या फोनवर. कारण खातं उघडलं तेव्हा दुकान एकच होतं. पुढे एक भलामोठा आरसा उतरवताना फुटला. हात कोणाचा सुटला, यावरून दोघांचं असं फाटलं की आठ वर्षं ते समोरासमोर राहून एकमेकांची सावलीही टाळत होते. खात्यावरचा नंबर बदलायचं मात्र राहून गेलं. आळस नडला.

"बघितलंस तोंड? आता कोड सांग. तो थोड्या वेळात रद्द होतो."

"कशावरून हे खातं तुझंच?"

"थट्टा करतोस? तुझ्या दाराला पाय लागू दिला नाही आजवर, आणि आज तुझी मस्करी ऐकायला फोन केलाय का मी? द्यायचा नसेल तर तसं सांग. माझं चांगलं कधी बघवलंय तुला?"

फोनमधून वहिनीचा आवाज आला. "अहो, देऊन टाका. भाऊजीच आहेत हे. इतकं कडू बोलणं चोराला नाही जमायचं."

थोरल्याने एकेक आकडा दात उपटल्यासारखा सांगितला. खातं उघडलं. धाकट्याने पासवर्ड बदलला, हॉटेलवाल्याला खुलासा पाठवला आणि थोरल्याचा नंबर काढून स्वतःचा घातला. त्याला मोकळं वाटलं. एक शेवटचा धागा होता, तोही तुटला.

"झालं माझं काम. ठेवतो."

"ठेव. आणि कालच्यासारखा पुन्हा कोड मागू नकोस."

"काल? काल मी कुठे मागितला?"

थोरला म्हणाला, "नव्या नंबरावरून मेसेज आला होता. तुझ्या नावाने."

"म्हणजे चोराला कोड तूच दिलास!" धाकटा काच हादरेल असा ओरडला. "कोड कुणाला देऊ नका म्हणून सगळे कंठशोष करतात. आणि तू, बोटभर काच कधी कुणाला जास्त गेली नाही तुझ्या हातून, तू देऊन मोकळा? असं लिहिलं तरी काय होतं त्याने?"

थोरल्याने रस्त्याकडे पाठ केली.

"'दादा, चुकलं माझं.' एवढंच. खाली कोड मागितला होता."

"आणि तेवढ्यावर दिलास?"

"कोडचं काय घेऊन बसलास? दुकान मागितलं असतं, तरी दिलं असतं."