ओळखीतली
धाकटीने पार्लर थाटलं, तेव्हा "तुझ्या वांगावर केमिकल पील करते ताई, चेहरा उजळेल," म्हणत तिने थोरलीला खुर्चीत बसवलं. चेहऱ्याची आग आग झाली, तरी थोरली बहिणीवर भरवसा ठेवून खुर्चीतून उठली नाही. गाल भाजून काळे पडले. "तूच उन्हात गेली असशील," धाकटी म्हणाली. थोरलीने घरीदारी तेच सांगितलं. नवरा चिडला, तरी तिने त्याला धाकटीला बोल लावू दिला नाही. आज मलम न्यायला ती पार्लरमध्ये शिरली, तर पडद्याआडून धाकटीचा आवाज आला, "घाबरू नका हो. औषध कडक आहे, म्हणून आधी एकीवर लावून बघितलं. किती वेळ ठेवलं की भाजतं, ते कळलं." "कुणावर?" गिऱ्हाइकाने विचारलं. "आहे एक ओळखीतली." थोरलीने तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि पडदा सरकवला. "ओळखीतली नाही," ती म्हणाली, "सख्खी."