आधी विनता

“विनता, गुडघ्याच्या ऑपरेशनला भरती व्हायचं तर दोघींनी एकाच दिवशी. एकटीनं जायचं नाही.”

मोठ्या जाऊबाईंचं, राजश्रीताईंचं, हे बोलणं विनताच्या कानात अजून होतं. भरतीच्या सकाळी मात्र त्यांचा रडवेला फोन आला. शुगर वाढलेली निघाली, डॉक्टर नको म्हणतात. विनतानेच त्यांची समजूत काढली, शब्दही दिला: तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरच्या दाराशी बसेन, तुम्ही बाहेर येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही.

त्याला दोन महिने झाले. आज ताईंचं ऑपरेशन. सकाळी सातलाच त्यांचा मुलगा विपुल विनताचा वॉकर ताईंसाठी न्यायला आला.

“अरे वा काकू, तुम्ही तर बिना काठीच्या चालून राहिल्या!”

“नर्मदामाईची कृपा. अर्धाच गुडघा बदलला, बाकीचा तिनं सांभाळला.”

“ऑपरेशनचा तो रोबोट बढिया आहे, काकू. मम्मी फालतूच घाबरली. म्हणे, मशीनचा काय भरवसा, आधी विनताचं होऊ दे, मग बघू.”

“शुगर वाढली होती ना त्यांची?”

“नाही तर! रिपोर्ट सगळे नॉर्मल होते.” वॉकरची घडी घालता घालता तो थांबला. “मतलब... तुम्हाला माहीत नव्हतं?”

“सांभाळून ने,” विनता म्हणाली.

तो गेल्यावर ती देव्हाऱ्यासमोर स्टुलावर टेकली. माळेचा मणी पुढे सरकेना. स्वतःच्या ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर, रोबोटचा पांढरा हात पाहत, भूल चढेपर्यंत तिने जप केला होता. स्वतःसाठी नाही. ताईंची शुगर उतरू दे म्हणून.

आतून सगळं ऐकलेले तिचे यजमान रत्नाकरराव कपबशी घेऊन आले. “घे! तुझ्यावर ट्रायल घेतली वहिनीनं. आणि तू तिच्यासाठी उपाशी बसून राहिली. चहा पी.”

“हळू बोला हो.”

“काहून जाते आता? खोटं बोलून शब्द घेतला ना तिनं?”

“ते त्यांचं. शब्द माझा आहे.”

विनताने कप बशीने झाकला आणि डोळे पुसून चपला घातल्या. अधारताल वस्तीतल्या त्या घराचा जिना उभा चढाचा होता. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, असं शिकवलेलं. तिने कठडा धरला आणि तो पाय खालच्या पायरीवर टेकवला.