पापडाला नव्वद

कोंडाक्कांच्या मनगटावरची, फटक्याचा जोर मोजणारी सरकारी बांगडी कोर्टात वाचली गेली. घरात शिरून गळा दाबणाऱ्या चोराला त्यांनी मारलेल्या बत्त्याचा जोर साठ भरला होता. कायद्यानं मुभा पन्नासची. वरच्या दहासाठी तीन वर्षं तुरुंग.

"आजी, हात आवरायचा होता," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"माझा हात आधी बघा तर खरा!"

कोंडाक्कांनी पिशवीतून पापडाच्या पिठाचा गोळा काढला, पुराव्यातला बत्ता मागून घेतला आणि टेबलावरच दाणकन हाणला. बांगडीवर नव्वद उमटलं. पलीकडे साक्षीला बसलेल्या चोरानं जबडा धरला.

"पापडाला नव्वद, या मुडद्याला साठ! आवरूनच मारलं की!"

न्यायाधीशबाईंना हसू आवरेना. "निर्दोष!"

"मग बत्ता द्या माझा. पीठ वाळतंय."